डोळ्याचं नाव काढायचं नाही

चहा घ्या आधी. आणि हसू आलंच, तर कपबशी खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हीच हकीकत सांगत होतो, तेव्हा एका गृहस्थांच्या नाकातून चहा आला आणि आमच्या सतरंजीचं वाटोळं झालं. तुम्ही म्हणाल, स्वतःची फजिती सांगायची एवढी हौस का? हौस कसली! ठाण्यात ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचणारच आहे. माझ्या तोंडून ऐकाल तर निदान तपशील तरी खरे असतील. असतील असं मला वाटतं.

तर माझा उजवा डोळा गेला.

मुंबईच्या डॉक्टरांनी दिवा जवळ आणला, लांब नेला आणि म्हणाले, "रावसाहेब, काचबिंदू आहे. हा काही काल-परवा गेलेला डोळा नव्हे. आठ-दहा वर्षं हळूहळू जात असणार. तुम्हाला कळलं कसं नाही?"

आता हा प्रश्न मला विचारायचा? एकतीस वर्षं मुन्सफ होतो मी. पेन्शन घेऊन चार वर्षं झाली. साक्षीदाराच्या कपाळावरची आठी मला दिसायची. स्वतःचा डोळा विझतोय ते दिसलं नाही. खाडीतली बदकं अलीकडे माझ्या बाराला पडत नव्हती, हे खरं. पण मी समजत होतो, बदकं हुशार झाली!

"आणि डावा?" मी विचारलं.

"डावा ठणठणीत आहे. त्याला जपा."

जपा म्हणाले. वापरा असं म्हणायला हवं होतं.

माझी दुनळी बंदूक तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. लोकांना वाटायचं, रावसाहेबांना शिकारीचा शौक. शौक नव्हता हो. खरं सांगतो. मी जन्माचा शंकेखोर माणूस. निकाल लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा. सही केल्यावर रात्रभर वाटायचं, प्रतिवादीच खरं बोलत असेल तर? ते कधीच कळत नाही. पण बंदुकीचं तसं नाही. चाप ओढला की लगेच कळतं: पाखरू पडलं तर बरोबर, उडालं तर चूक. जगात तेवढी एकच जागा होती, जिथं मला माझा निकाल ताबडतोब मिळायचा. तीच गेली तर उरलं काय? पेन्शन आणि शंका.

आमचे चिरंजीव माधवराव ठाण्यातच वकिली करतात. ते म्हणाले, "नाना, आता बंदूक सरकारजमा करू. परवाना तुमच्या नावावर. एखाद्या माणसाला बार लागला तर?"

"डाव्या खांद्यावरून मारीन," मी म्हणालो. "इंग्रजीत त्यावर पुस्तक आहे."

"पोहण्यावरही पुस्तक आहे, नाना. आत्याचे यजमान ते वाचूनच बुडाले."

आत आमच्या मंडळींनी पळी जोरात आपटली. ती कुणाच्या बाजूनं आपटली, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

शेवटी करार झाला. मार्गशीर्षात बदकं उतरली की माधवसमक्ष, आणि माझ्या कोर्टातले जुने शिरस्तेदार भाऊसाहेब यांच्या साक्षीनं, मी एक पाखरू पाडून दाखवायचं. पडलं, तर बंदूक माझी. नाही पडलं, तर अर्जावर सही.

आणि मी त्यात एक कलम घातलं. घरात असो की होडीत, माझ्यासमोर डोळ्याचं नाव कुणी काढायचं नाही! लोक कीव करायला लागले होते हो. "डोळ्याला कसं आहे?" "डोळ्याला गाईचं तूप लावा." मी हुकूमच काढला. मुन्सफाला दुसरं काय येतं?

हे कलमच माझ्या मुळावर आलं. पण ते पुढे.

कोलशेतचा महादू आगरी गेली तीस वर्षं मला खाडीत नेत आलाय. होडी त्याची, वल्हं त्याचं, तोंड माझं. त्याला मी पहिल्याच दिवशी बजावलं, "महादू, एक शब्द काढायचा नाही."

"कंचा?"

"डोळा."

"बरा," महादू म्हणाला. "आनि मासलीचा डोला बोललो तर चालंल?"

"तोही नाही!"

मिठागरांमागच्या बांधावर आमची तालीम सुरू झाली. चाळीस पावलांवर एका खुंटावर मडकं ठेवायचं. महादूनं बाजूच्या बांधाआड बसून छर्रे कुठं पडतात ते पाहायचं. मी पुस्तकाप्रमाणे उभा: डावा खांदा, डावा गाल दस्त्यावर, उजवा पाय पुढे. आरशापुढे किती दिवस उभा राहिलो होतो! घरात बंदूक रिकामी, त्यामुळे चाप ओढायचा प्रश्न नव्हता. आरशात मी अगदी उत्तम दिसत होतो.

पहिला बार. धाडकन आवाज, धूरच धूर, समोर सगळं अंधारलं. धूर विरला. मडकं जागच्या जागी.

दुसरा. मडकं आहे तिथंच. दहावा. मडक्यावर एक बगळा येऊन बसला!

मी घरी येऊन वहीत टिपणं करू लागलो. मला वाटतं तीच वही माझ्या विद्वत्तेचं खरं स्मारक आहे. "दारू कमी पडली." दुसऱ्या दिवशी, "दारू जास्त झाली." "वारा वायव्येचा." "खाऱ्या हवेनं काडतुसं दमट." "मन अस्वस्थ." "जेवण जड." साऱ्या जगावर संशय घेतला मी. पंधरा दिवस घेतला.

महादू मधून मधून बांधाआडून उठून यायचा. "रावसाहेब, येक बोलू का?"

"बोल."

"तुमी बार काढताव ना, तवा तुमचा त्यो—"

"महादू!"

"नाय, मी त्याचा नाव घेत नाय. पन त्यो जो दुसरा हाय, बरा हाय त्यो—"

"महादू, हुकूम म्हणजे हुकूम!"

तो गप्प व्हायचा आणि परत बांधाआड जाऊन बसायचा. असं तीनदा झालं. तीनदा! लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

एका सकाळी बारा बार वाया गेले. मी बंदूक खाली ठेवली आणि बांधावर बसलो. बसलो एवढंच तुम्हाला सांगतो.

पण दुसऱ्याच दिवशी काय चमत्कार! तिसऱ्या बाराला मडकं धाडकन खाली आलं आणि फुटलं. मी ओरडलो, "महादू! पाहिलंस?"

"बगितला, रावसाहेब."

"डावा खांदा! पुस्तकात म्हटलंय, सवय लागायला पंधरा दिवस जातात. आज सोळावा!"

त्या दिवशी तीन मडकी फुटली. पुढच्या आठवड्यात रोज चार-पाच. माणसाला काय होतं पाहा. आयुष्यभर स्वतःवर विश्वास न ठेवलेल्या माणसाला तो एकदम आला की कसा येतो? पूर येतो तसा येतो. मी वाचनालयात व्याख्यानच दिलं की! "वार्धक्यात इंद्रियांचे पुनःशिक्षण." अध्यक्ष कल्याणहून आणले होते. चाळीस माणसं होती. मी छडी डाव्या खांद्याला लावून दाखवली, टाळ्या घेतल्या. भाऊसाहेब पुढच्या रांगेत बसून मान डोलवत होते. जन्मभर माझ्यासमोर त्यांनी तीच डोलवली.

ठरलेला दिवस उजाडला. होडीत आम्ही चौघं: मी, माधव, भाऊसाहेब आणि वल्ह्यावर महादू. तो निघतानाच कुरकुरला, "रावसाहेब, आज रावू द्या. पाखरू काय मरक्यासारखा गप बसत नाय."

"तू वल्हं मार!"

धुकं वितळत होतं. खारफुटीच्या वळणावर बदकांचा थवा उठला. इतका जवळून की पंखांचा वारा लागला म्हणा ना! मी डावा खांदा लावला. पहिली नळी, दुसरी नळी.

थवा तसाच उडत गेला. एक पीसही पडलं नाही.

"होडी हलली," मी म्हणालो.

"हलली असेल," भाऊसाहेब म्हणाले.

"नाना, अगदी स्थिर होती," माधव म्हणाला. वकील ना!

"ठीक आहे. बांधावर चला. मडक्यावर दाखवतो."

मडकं या वेळी माधवनं स्वतः नेऊन ठेवलं. तिघंही बाजूच्या बांधाआड जाऊन बसले. मी सहा बार काढले. मडकं आपलं माधवकडे पाहत बसलं.

आणि मग मी जे केलं, ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते. मी महादूला हाक मारली आणि त्या चिखलात, बांधावर, चौकशी सुरू केली.

"काडतुसांची पेटी रात्री कुठं होती?"

"माज्या होरीन."

"म्हणजे तुझ्या ताब्यात. ओली कुणी केली?"

"कोनी नाय केली."

"कालपर्यंत मडकी फुटत होती, आज फुटत नाहीत. कारण काय? बोल! कुणी शिकवलं तुला? माधवनं?"

माधव म्हणाला, "नाना, काय हे!"

महादू खाली पाहत उभा. मला तो गुन्हेगाराचाच चेहरा वाटला. मी खूप पाहिलेत तसे चेहरे. मी म्हणालो, "तीस वर्षांचा विश्वास होता. संपला. उद्यापासून माझ्या होडीवर पाऊल ठेवायचं नाही."

"होरी माजी हाय, रावसाहेब."

भाऊसाहेब खोकले. मी जास्तच चिडलो. "एवढं धाडस असेल तर काय पाहिलंस ते सांग! सगळं सांग. आज मुभा आहे."

"त्या सबदाची पन?"

"कसल्याही शब्दाची!"

महादूनं मान वर केली. "मंग आयका. तुमी नेम धरताव तवर बरा असता. पन चाप वरताना तुमचा डावा डोला मिटता. बरा डोला. पयल्या दिसापासना."

लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती.

मी म्हणालो, "अशक्य!"

माधव हळूच म्हणाला, "नाना, आत्ता आम्हीही तेच पाहिलं. डावा मिटतो, आणि मान उजवीकडे वळते."

म्हणजे समजलं का तुम्हाला? चाळीस वर्षं उजव्यानं नेम धरला, डावा मिटून. खांदा बदलला, गाल बदलला, पाय बदलले. पुस्तकातलं पान न् पान बदललं. पापणीला कुणी सांगितलंच नव्हतं. ऐन क्षणी ती आपली जुनी नोकरी इमानानं करत होती. आणि समोर व्हायचा तो अंधार मी धुराचा समजत होतो!

"मग मडकी?" मी विचारलं.

महादूनं कमरेच्या फडक्यातून गळाची बारीक दोरी काढली. "वरीत व्हतो." ओढत होता!

भाऊसाहेब तोंडावर उपरणं धरून दुसरीकडे वळले. त्यांची पाठ हलत होती. एकतीस वर्षांत प्रथमच मी त्यांना हसताना पाहिलं, तेही पाठीकडून.

"का पण? का असं केलंस?"

"त्या दिसी तुमी हितं बसून रडलाव," महादू म्हणाला. "मना बगवना."

माधवही हसायला लागला होता, तो तिथंच थांबला. माझ्या मुलासमोर ते निघायला नको होतं. पण मुभा मीच दिली होती.

महादूच पुढे म्हणाला, "आता कल्ला ना? मारा आता. उगराच ठेवा."

मी पुन्हा उभा राहिलो. डोळा उघडा ठेवायचा. एवढंच करायचं होतं. तान्ह्या मुलालाही जमतं ते. चापावर बोट आलं, आणि मला स्पष्ट जाणवलं, पापणी खाली आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आली. बोट आणि पापणी यांच्यात जणू महादूची दोरी बांधलेली. सातव्या खेपेला मी बार न काढताच काडतुसं बाहेर काढली आणि बंदूक माधवच्या हातात दिली.

परतताना महादूनं नेहमीसारखंच वल्हं मारलं. काठाला उतरताना त्यानं मला हात दिला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. क्षमेचं एखादं वाक्य. मनात तीन मसुदे केले, तिन्ही फाडले. तोच म्हणाला, "रावसाहेब, आता डोल्याचा नाव काढला तर चालंल ना?"

मी मान हलवली. भाऊसाहेबांसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवनं अर्ज आणला. साक्षीला भाऊसाहेब. मी दौतीत टाक बुडवला आणि सही केली. मान वर केली, तर दोघंही माझ्याकडे पाहत होते.

"काय झालं?"

माधव म्हणाला, "नाना, सही करतानाही तुम्ही डोळा मिटलात."

"डावा?"

"डावाच."

मी कागदाकडे पाहिलं. सही ओळ सोडून खाली घसरलेली, पार तारखेच्या अंगावर.

"त्यात नवीन काय?" भाऊसाहेब सहज बोलून गेले. मुभेची हवा त्यांनाही लागली असावी. "कोर्टातही निकालावर सही करताना रावसाहेब डावा डोळा मिटायचे. नेम धरल्यासारखा. आम्ही सगळे कारकून पाहायचो."

"आणि सांगितलं नाही?"

"कुणी सांगायचं, रावसाहेब?"

मला मुंबईचे डॉक्टर आठवले. आठ-दहा वर्षं हळूहळू जात असणार. पेन्शनीला चार वर्षं. मी बोटांवर वजाबाकी करू लागलो. ती चुकावी म्हणून दोनदा केली.

"भाऊसाहेब," मी विचारलं, "शेवटच्या चार-सहा वर्षांत सही अशीच घसरायची का हो?"

"थोडी. आम्ही पेन्सिलीनं रेघ आखून देत असू, तरी घसरायचीच." मग माझा चेहरा पाहून ते घाईघाईनं म्हणाले, "पण निकाल बरोबरच असतील हो!"

असतील, म्हणाले. आणि मान डोलवली.