झेंड्याची शिवण

सरलाबाईने मंचाचा झेंडा भर सभेत फाडला आणि त्या कामगिरीबद्दल समोरच्या पक्षाने तिला म्हणे कडोदऱ्याला एक खोली दिली! गुजरातेतल्या सचिन या गिरण्यांच्या गावात, खान्देशी कामगारांच्या त्या गल्लीत, ही बातमी सकाळी एका खोलीची होती. संध्याकाळपर्यंत तिला दुसरी खोली आणि गॅलरीसुद्धा फुटली.

सरलाबाई मूळची शिरपूरकडची. तेवीस वर्षं कापडाच्या ताक्यांना घड्या घालणारी. माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या शर्टाचं कापड बघणार, अशी खोड. गल्लीतल्या बोअरला गुलाबी पाणी यायला लागलं, तेव्हा नाल्याकडच्या डाइंग मिलविरुद्धची तक्रार तिच्याच सहीने गेली. गुरुवारी प्रदूषण मंडळाच्या साहेबापुढे सुनावणी होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात ‘खान्देशी श्रमिक मंच’ उगवला. मिल वाचवा, रोजगार वाचवा! चारशे झेंडे, मांडव, वर पुलाव. पुढारी धर्मेंद्र, गल्लीतच वाढलेला. भाषण अहिराणीत, फोन मात्र गुजरातीत, तोही आडोशाला जाऊन.

“ना पक्षाचा पैसा, ना सेठचा. सगळी लोकवर्गणी,” तो छाती ठोकून सांगे.

सरलाबाईने शेजारणीला, इंदुबाईला गाठलं. “तू दिली का वर्गणी?”

“मी नाही व माय! सुकलालने दिली असेल.”

सुकलाल म्हणाला, लोटूने. लोटू म्हणाला, इंदुबाईने. अख्खी गल्ली फिरून वर्गणी पुन्हा इंदुबाईच्याच दारात आली.

रविवारच्या सभेत धर्मेंद्रने सरलाबाईच्या हातात झेंडा दिला आणि पुढ्यात तक्रार मागे घेण्याचा कागद सरकवला.

“मावशी, सही कर. लोकेसनी इच्छा शे.”

“करते की. आधी सांग, हाई कापड कोनं शे?”

“लोकांचं!”

ताक्याच्या टोकाला मिलचा शिक्का असतो, आणि घाईतला शिंपी ते टोक कापून न टाकता दुमडीत दडवतो, हे सरलाबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिने कमरेची धागे कापायची पात काढली, झेंड्याची दुमड उसवली, आत डोकावली.

“झेंडा फाडला हिने!” धर्मेंद्र ओरडला.

“गळा जप रे बाबा, अजून भाषण बाकी आहे तुझं,” असं म्हणून ती झेंडा काखेत मारून घरी गेली. सही केली नाही. गुरुवारी तोच झेंडा तिने साहेबाच्या टेबलावर ठेवला. तक्रार कायम राहिली.

कडोदऱ्याला तिची खोली नाही. झेंडा फाटलेला नव्हता, शिवण उसवलेली होती. दुमडीत त्याच डाइंग मिलचा शिक्का होता: ‘नमुना. विक्रीसाठी नाही.’