चकाचक मावशीने उपटलेली वेल

सार्वजनिक बागेत बावीस वर्षं हिरवळ राखलेल्या बाईला गवताच्या संशोधन केंद्रात निंदणीला ठेवायचं, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं ते मला अजून कळलेलं नाही. बागेत एकाच जातीचं गवत. दुसरं पान दिसलं की मुळासकट बाहेर. माळ्यांनी तिचं नावच पाडलं होतं, चकाचक मावशी.

केंद्रात जमिनीच्या खोलीएवढ्या आठ चौकटी. चारांत एकेकच गवत, चारांत गवतं, वेली, रुंद पानांची झाडं अशा सोळा जाती मिसळून. हंगाम संपला की सगळं कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. चार वर्षं मिसळीच्या चौकटीच जड भरल्या. यात जादू नाही. कुणाची मुळं वरचं पाणी पितात, कुणाची खालचं. एक लवकर वाढतं, दुसरं उन्हात तग धरतं. आणि शेंगांची वेल मातीला खत पुरवते. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, केंद्रामागच्या टेकडीवर आमची गुरं चारताना आधी पाहिलं.

पाचव्या वर्षी जुना माळी निवृत्त झाला आणि मावशी आली. पहिल्याच आठवड्यात तिने मिसळीच्या चारही चौकटींतून वेली अन् रुंद पानांची झाडं उपटली. मुकादम म्हणाला, "वा! आता कसं दिसतंय!"

कापणीला भारे हलके लागले, तेव्हा तिला शंका आली. मग जुना माळी सहज भेटायला आला आणि चौकटी बघून त्याने विचारलं, "वेल कुठं गेली?" तण म्हणून उपटलं ते मुद्दाम लावलेलं होतं, हे मावशीला तेव्हा कळलं.

घरी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "आई, तोंड उघडू नका. नोकरी गेली तर दिवसभर माझी भांडी परत परत घासाल."

इकडे केंद्राच्या साहेबांनी नुसते त्या वर्षीचे आकडे बघून अहवाल काढला: जाती जास्त असल्याने उत्पन्न वाढत नाही. त्याच्या जोरावर टेकडीवरचं सगळं रान नांगरून एकच गवत पेरायचं ठरलं. मी केंद्रात जाऊन भांडले. अहवाल खोटा आहे म्हणाले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "पुरावा?" माझ्याकडे आवाजाशिवाय काही नव्हतं.

दारात विळा घेऊन मावशी उभी होती.

"पोरी, थांब जरा. साहेब, मिसळीच्या चौकटी मी साफ केल्या. चारही."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे वेल नाही, झाडं नाहीत. नुसतं गवत."

"आणि वर्षभर बोलला नाहीत?"

"तुम्ही वर्षभरात एकदा तरी बघायला आलात?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी हसले, ते बरोबर नव्हतं.

मावशीला लेखी ताकीद मिळाली. नोकरी मात्र राहिली, कारण काय काय उपटलं ते दाखवू शकणारं दुसरं कुणी नव्हतंच. साहेब वही घेऊन तिच्यामागे चौकटीत उकिडवे बसले. अहवाल मागे घेतला गेला, नांगर पुढच्या वजनापर्यंत थांबला. वेली अन् झाडं पुन्हा लावली. पुढच्या हंगामापर्यंत ती मातीत रुजली आणि मिसळीच्या चौकटी पुन्हा जड भरल्या. टेकडी आहे तशी राहिली.

काट्यावरून शेवटचा भारा उतरवताना मावशी मला म्हणाली, "वजन भरतंय, मान्य. पण दिसतं किती गबाळं गं!"