गप्प टोळी

ज्योतिबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला तो कोपरखैरण्याहून कांदा-बटाटा बाजारात हजर. आम्ही एकाच टोळीतले माथाडी.

चौऱ्याण्णव साली तो गाडीला लावलेल्या फळीवरून पोत्यासकट पडला. डोक्याला मागून मार लागला. जखम भरली, पण नजर बदलली. उभं पोतं त्याला स्वच्छ दिसे, त्यावरचा मार्काही वाचता येई. चालता माणूस मात्र आत्ता दारात, तर एकदम समोर. मधलं चालणं गायब. किटलीतून पडणारा चहा त्याला गोठलेला दिसे, आणि कप केव्हा भरला ते कळत नसे. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. मेंदूत हालचाल ओळखणारी जागा दुखावली आहे. यावर औषध नाही.

मुकादम सीतारामतात्या म्हणाले, "गावाकडं जा, ज्योतिबा. गाडी अंगावर येईल, तुला कळायचं न्हाई."

"गाडीपुढं जात न्हाई, तात्या. आत थप्पी लावतो. रचलेली पोती कुठं पळत्यात?"

तात्यांनी एक दिवस दिला. जमलं तर टोळीत, नाहीतर गाव.

त्या दिवशी चूक आमची झाली. त्याचं लक्ष उडू नये म्हणून आम्ही सगळे गप्प राहिलो. एरवी आमच्या आरडाओरड्यानं गाळा दणाणतो. तीनदा टक्कर झाली. चौथ्यांदा धर्मराजचं पोतं त्याच्या खांद्यावर आदळलं. तात्या उठून उभे राहिले.

"अरं, बोला की!" ज्योतिबा ओरडला. "मयताला आलाय का? आवाज आला तर कळंल कोण कुठं हाय!"

धर्मराज दारातूनच गरजला, "धर्मराज आलाय रं! न्यायला न्हाई, पोतं द्यायला!"

गाळा हसला. मग प्रत्येक जण बोलत आत आला. आवाज जवळ आला की ज्योतिबा पाय रोवून खांदा पुढे करी, पोतं घेई, एक थर आडवा, एक उभा लावी. दुपारपर्यंत पूर्ण गाडीची पोती थप्पीला लागली. तात्यांनी थप्पीला खांदा लावून जोर दिला. हलली नाही.

"उद्या येळंवर ये," ते म्हणाले.

पाच वर्षं तो वेळेवर आला. घरी त्याची बायको पुतळाबाई अनवाणी, बिनआवाजाची वावरे आणि तो दचके. त्या मजुरीतून त्यानं तिला घुंगरांचे चांदीचे पैंजण केले.

"अवं, ह्या वयात? लोक हसतील."

"हसू देत. घाल."