शेजारी नसेल तर नंबर कशाला?

टेलिफोनचा शोध ज्याने कोणी लावला, त्याला तो नेमका कशासाठी लावला हे बहुधा कळले नसावे. ते पुरते कळलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो बारामतीजवळ जळोचीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. सगळी आळी त्यांना आबा म्हणे. फोन आमच्या घरात होता, पण नंबर आबांचा होता. पुतणीच्या लग्नपत्रिकेवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, उसाच्या नोंदीच्या कागदावर सगळीकडे आमचाच नंबर आणि पुढे ‘पी. पी.’, म्हणजे फोन शेजारी आहे, बोलावून घ्या. नव्वदीतल्या त्या वर्षांत फोन मिळायला लोक वर्षानुवर्षे थांबत. आबांची पाळी आली तेव्हा त्यांनी ऑफिसात जाऊन ‘नको’ म्हणून लिहून दिले. तिथल्या साहेबाने म्हणे तो कागद तीनदा वाचला.

आबांचा फोन आला की आई परसातून हाक मारी. आबा लगेच येतील तर शपथ! आधी पाय धुवायचे, मग टोपी घालायची, मग आमच्याकडे येऊन चहा घ्यायचा. तोवर पलीकडचा माणूस दोनदा फोन ठेवून तिसऱ्यांदा करत असे. एकदा सणसरहून कोणी पुतणीच्या स्थळाबद्दल बोलत होते. निम्म्यातच आबांनी रिसिव्हर आईच्या कानाला लावला. “वैनी, तुमी ऐका जरा. मानूस खरं बोलतोय का बघा.” आईने ऐकले, नाक मुरडले, आणि ते स्थळ तिथेच मोडले.

त्यांचा एकुलता मुलगा दत्ता सोमेश्वरनगरला कारखान्यावर फिटर होता. त्याला मस्कतला नोकरी लागली. खोली मिळाली की तिथला नंबर घ्यायचा, असे त्याने ठरवून टाकले. आबा अडून बसले.

“नंबर कशाला? तितं शेजार असंल का न्हाय? त्येचा नंबर दे.”

आम्ही पोट धरून हसलो. मी नुकता पदवीधर झालेला. स्वतःचा फोन असण्याचे फायदे मी आबांना अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“समदं खरं. पर पोरगं तापानं पडलं, आन् फोन वाजतोय, वाजतोय, तर उचलायचा कुनी? शेजाऱ्याकडं वाजला तर त्यो दार तरी ठोठावंल. आमचा बा मेंढरं घिऊन कोकनात उतरायचा. तळ टाकायच्या आधी शेजारी कोन हाय ते बघायचा. गवत मागनं बघायचा.”

दत्ता गेला आणि त्याने नंबर घेतलाच. शुक्रवारी त्याला सुट्टी असे, तेव्हा तो आमच्याकडे फोन करी. सात-आठ महिने हे सुरळीत चालले. मग लागोपाठ दोन शुक्रवार फोन आला नाही. आमच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून मी आबांना स्कूटरवर घालून बारामतीच्या स्टँडसमोरच्या बूथवर नेले आणि दत्ताचा नंबर फिरवला.

“वाजतोय का?”

“वाजतोय, आबा.”

“मंग कोन न्हाय तितं.”

असे चार दिवस गेलो. रोज घंटी वाजत राहायची आणि आबा काचेच्या दाराबाहेर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघायचे.  आपण केवढे शहाणपण शिकवले होते ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटे.

पाचव्या दिवशी दत्ताचा फोन आला. कंपनीने अचानक लांब वाळवंटात कामावर नेले होते, तिथे फोनच नव्हता; आजच तो खोलीवर परतला होता. आबा त्या दिवशी बोडक्याने, चिखलाच्या पायांनी धावत आले. बरा आहेस का, हेसुद्धा त्यांनी विचारले नाही.

“शेजारी कोन ऱ्हातं तुझ्या?”

दत्ताला नाव माहीत नव्हते.

“जा. दार वाजव त्येचं. आमी थांबतो.”

आम्ही थांबलो. मग रिसिव्हरमधून एक अनोळखी, जाडसर आवाज आला. कोणी केरळकडचा गृहस्थ होता.

“राम राम,” आबा ओरडले. “आमचं पोरगं एकलं हाय तितं. दोन दिस दिसलं न्हाय तर दार वाजवा, बरं का!”

त्या गृहस्थाने आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगितले. आबा प्रत्येक वाक्याला “व्हय, व्हय” म्हणत होते. मग दत्ताकडून त्या शेजाऱ्याचा नंबर त्यांनी मला लिहून घ्यायला लावला आणि रिसिव्हर ठेवला.

“मानूस चांगला हाय,” ते म्हणाले.

“काय म्हणाला तो?”

“काय की बाबा. पर हातातलं काम सोडून उठून आला न्हवं.”

एवढे बोलून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि बराच वेळ आमच्याकडेच बसून राहिले.