आपल्याच बाजूचा पेपर

रशीदा तांबोळी यांचं मत काय, हे वाघोलीच्या त्या कॉलेजात शिपायालाही ठाऊक होतं. महापालिकेच्या निवडणुका लांबत गेल्या तेव्हा बाई फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. शहर लोकांनी निवडलेल्यांनी चालवावं, सरकारनं नेमलेल्या प्रशासक साहेबांनी नव्हे, हे त्या वर्गात सांगत, स्टाफरूममध्ये सांगत आणि वारज्याहून येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगत. ती बिचारी खिडकीबाहेर बघत बसे.

शिकवायच्याही त्या अशाच. व्याख्यान वगैरे भानगड नाही. वर्गाचे दोन गट करायचे, एक प्रश्न मध्ये टाकायचा आणि भांडा म्हणायचं. पोरं जीव तोडून भांडत. राज्यशास्त्राच्या तासाला हजेरी पूर्ण भरते, असा चमत्कार या शहरात दुसरीकडे झाल्याचं ऐकिवात नाही.

पेपर तपासताना मात्र बाई वेगळ्याच होत. आपलं मत गुणांत उतरू नये, याचा त्यांनी धसका घेतला होता. म्हणून स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती: आपल्या विरोधात लिहिणाऱ्याला हात सैल सोडायचा, आपल्यासारखं लिहिणाऱ्याला कसून धरायचं. या शिस्तीवर त्या मनातल्या मनात भलत्याच खूश होत्या. पोरांच्या हे लक्षात येणार नाही, असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दुसऱ्याच चाचणीत मेख सापडली. "मॅडमना धुऊन काढा, मार्क्स फिक्स," असं चेतननं कँटीनमध्ये जाहीर करून टाकलं. तेव्हापासून वर्गात निवडणुकीच्या बाजूनं घसा फोडणारेही पेपरात साहेबांची आरती ओवाळत. बाई ते वाचून हळहळत आणि गुण देत.

राधा तेवढी तशी नव्हती. तिचं मत बाईंसारखंच होतं आणि ती तेच लिही. या वेळी चेतनला वीसपैकी सोळा पडले, तिला अकरा. एम.ए.चा प्रवेश गुणांच्या यादीवर, आणि अशा अकरांनी तिचं नाव यादीबाहेर जात होतं. अंतर्गत गुण ऑफिसात द्यायच्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? पुढच्या वेळी मी खोटं लिहू का?"

"म्हणजे?"

"म्हणजे इतरांसारखं. त्यांनाही तुमचंच पटतं. पेपरापुरतं बदलतात."

शेजारच्या खुर्चीत वैजनाथ सरांचं बिस्कीट चहात पडलं. सर साहेबांच्या कारभाराचे कट्टर समर्थक, बाईंचे रोजचे भांडणाचे गिऱ्हाईक. "अहो बाई," ते आनंदानं म्हणाले, "पोरं तुम्हाला कोळून प्यालीत की!"

"तुम्ही चहा प्या," बाई कडाडल्या आणि राधाकडे वळल्या. "मी पक्षपात करते, असं म्हणायचंय तुला?"

"हो मॅडम. आमच्याविरुद्ध."

बाईंचा पारा चढला. त्यांनी गठ्ठ्यातून राधाचा पेपर उपसला, तिला तिथल्या तिथे चूक दाखवायला. पहिल्या पानावर लाल शेरे होते. दुसऱ्यावर एक बरोबरची खूण. पुढच्या पानांवर लाल शाईचा ठिपकाही नाही. हे सगळं आपल्याला माहीतच आहे, म्हणून त्या तिथं थांबल्या होत्या.

आता त्यांनी पुढचं वाचलं. राधानं लिहिलं होतं, 'आमचं गाव महापालिकेत गेलं. आधी आम्ही निवडलेले होते तेव्हाही पाणी टँकरनंच यायचं, आता साहेब आहेत तरी टँकरच. मग निवडणूक कशाला मागायची? याचं उत्तर आमच्या वर्गात कुणीच देत नाही, मॅडमसुद्धा नाही. मला एवढंच सुचतं. टँकर चुकला की माझी आई ग्रामपंचायतीच्या सदस्याच्या दारात जाऊन भांडायची. साहेबांचं दार कुठं आहे, ते तिला माहीत नाही.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. पेपर वैजनाथ सरांनी ओढून घेतला, वाचला, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. "अठरा द्या," ते म्हणाले.

"तुमच्या विरोधात आहे म्हणून सैल सोडताय तुम्ही!"

"मग सतरा द्या. पण द्या."

बाईंनी अकरा खोडले, सतरा लिहिले आणि सही केली. मग चेतनचा पेपर काढून वाचायला घेतला. पहिल्याच पानावर त्यांचा चेहरा आंबट झाला. हे सोळाचं? छे! लाज वाटली त्यांना, आणि ती चेतनची नव्हती.

"हे इतकं मनात होतं तर वर्गात का नाही बोललीस गं?" त्यांनी राधाला विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"वर्गात सगळे ओरडत असतात, मॅडम," राधा म्हणाली. "पेपर तुम्ही वाचाल, असं वाटलं होतं."