मास्तर सुट्टीवरून परतले

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात माणसं ऐंशी, पण कापडाला पहिलं पातं लावायचा मान एकाचाच. त्याला सगळे मास्तर म्हणत. लांबलचक टेबलावर एकावर एक चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि विजेचं कटर हातात धरून त्या रेषेवरून न्यायचं. रेष सुटली तर एक सदरा बिघडत नाही, चाळीस बिघडतात. बावीस वर्षांत मास्तरांची रेष सुटली नव्हती.

मास्तर पीत, पण रोज नाही, आणि या ‘रोज नाही’चा त्यांना कोण अभिमान. तीन-तीन आठवडे थेंबाला शिवायचे नाहीत. मग एखाद्या दिवशी बसले की बसले. दोन दिवस, तीन दिवस, कोणती बाटली संपली आणि कोणती उघडली याचा पत्ता नाही. कारखान्यात म्हणायचे, मास्तर सुट्टीवर गेले. परतले की डोळे सुजलेले, जीभ गोड आणि काम दुप्पट. बायको शाळेच्या कचेरीत कामाला होती, बोलायला शांत. तिनं विषय काढला की मास्तर विचारायचे, “दारुडा रोज पितो. मी पितो का रोज?” ती गप्प बसायची आणि मास्तर जिंकायचे.

त्या वर्षी सुट्ट्या जवळजवळ यायला लागल्या आणि लांबायलाही लागल्या. सुट्टीनंतरच्या सकाळी हात थरथरायचे, घोटभर घेतली की थांबायचे. हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नीटसं नाही.

बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून ती आठवडाभर परगावी गेली. बुधवारी दुपारी मोठी ऑर्डर बाहेर पडली आणि मास्तर इस्त्री खात्यातल्या दोस्ताच्या खोलीवर सुट्टीला गेले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पुढचं त्यांना आठवत नाही. जे ठाऊक आहे ते लेकीनं सांगितलेलं.

रविवारी सकाळी अकराला दोस्त आणि एक टॅक्सीवाला मास्तरांना दोन्ही काखांत धरून तीन मजले चढून आले. दार लेकीनं उघडलं. ती कॉलेजात शिकत होती, वीस वर्षांची. दोघांनी मास्तरांना बैठकीच्या दिवाणावर उताणं टाकलं.

“झोपू दे,” दोस्त म्हणाला. “संध्याकाळपर्यंत उतरेल. तुझ्या बाबांचं काही नवीन आहे का?”

लेकीनं हाक मारली, खांदा हलवला, दंडाला चांगला चिमटा काढला. मास्तरांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. ओठ निळसर, हात गार आणि घोरणं मध्येच थांबत होतं. कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता. त्यात शिकवलेलं तिला आठवलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजले. एका मिनिटात सहा.

“ही झोप नाही, काका,” ती म्हणाली.

दोस्त घाबरला तसा त्याला उपाय सुचायला लागले. तोंडावर गार पाणी मारू, कडक कॉफी पाजू, घशात बोट घालून ओकायला लावू. लेकीनं तिन्हीला नाही म्हटलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनळीत जाईल, आणि अंग आधीच गार पडलंय. तिनं बाबांना कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पुढे दुमडला, हात गालाखाली घातला, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर येईल. मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

“अगं, शेजारीपाजारी बघतील,” दोस्त म्हणाला.

“बघू देत. तुम्ही खाली जाऊन गाडीला वाट दाखवा.”

गाडी येईपर्यंत ती बाबांच्या तोंडाजवळ कान धरून बसली. एकदा उलटी झालीच. उताणे असते तर तिथंच संपलं असतं, असं गाडीबरोबर आलेल्या माणसानं नंतर सांगितलं.

मास्तरांना जाग आली तेव्हा नाकाला नळी, मनगटात सुई आणि समोर चष्मा लावलेल्या एक डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, “किती घेतली?”

“दोन-तीन पेग,” मास्तर सवयीनं म्हणाले.

कोपऱ्यात लेक स्टुलावर बसली होती. केस विस्कटलेले, बाहीवर त्यांच्याच उलटीचे डाग. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि म्हणाले, “बुधवारपासून सुरू होती. मोजली नाही.” थोड्या वेळानं आणखी एक वाक्य निघालं, “सकाळी हात थरथरतात. घेतली की थांबतात.”

त्यांना वाटलं आता प्रवचन होणार. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “हे सांगितलंत ते बरं केलंत. आता खरी काळजी पुढच्या दोन-तीन दिवसांची. शरीराला इतकी सवय लागली की दारू एकदम तुटल्यावर ते बंड करून उठतं. घाम, थरथर, छातीत धडधड. कुणाला नसलेलं दिसतं, कुणाला फिट येते. घरी दात-ओठ खाऊन सोसायचा हा प्रकार नाही. इथं राहा.”

मास्तर सोमवारी संध्याकाळी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी गेले. मंगळवारी दवाखान्यांच्या गणवेशांचं कापड टेबलावर लागणार होतं. माझ्याशिवाय कोण कापणार, हा त्यांचा नेहमीचा मुद्दा. निघताना डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, “यातलं काहीही झालं तर लगेच या. किती वाजलेत ते बघू नका.”

मंगळवारी सकाळी चाळीस थर अंथरून झाले. मास्तरांनी खडू उचलला आणि पाठीवरून घामाची धार लागली. रेष वाकडी आली. पुसून पुन्हा मारली, पुन्हा वाकडी. मग पांढऱ्या कापडावर मुंग्या दिसायला लागल्या. त्यांनी हातानं झटकल्या. शेजारच्या शिलाईवाल्या बाईनं विचारलं, “मास्तर, काय झटकताय?”

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की तिथं मुंग्या नाहीत.

इस्त्री खात्याच्या कपाटामागे दोस्ताची छोटी बाटली असायची. वीस पावलं. एका घोटात हात थांबले असते आणि रेष सरळ आली असती. ती वीस पावलं मास्तर चाललेसुद्धा. कपाटाशी पोचल्यावर त्यांना स्टुलावरची लेक आठवली, म्हणजे तिची ती बाही आठवली. ते वळले, टेबलाशी आले, कटरचं बटण बंद केलं, वायर काढून गुंडाळून ठेवली आणि सगळ्या कारखान्याच्या मधून चालत मालकीणबाईंच्या टेबलापुढे उभे राहिले.

“बाई, मला नसलेलं दिसतंय,” ते म्हणाले. “दारूमुळं आहे. मला आत्ता दवाखान्यात पोचवा. एकटा गेलो तर वाटेत पिईन.”

यंत्रं एकेक करत थांबली. बावीस वर्षांत मास्तरांनी कुणापुढे मान तुकवली नव्हती, आणि आज तुकवली असंही कुणाला वाटलं नाही. ते सरळ उभे होते, फक्त हात थरथरत होते. मालकीणबाईंनी किल्ल्या उचलल्या. “चला. मीच येते.”

“आणि कापड?”

“कापड कुठं जात नाही.”

वाटेत गाडीत त्यांचे दात वाजायला लागले. दवाखान्याच्या दारातच त्यांना फिट आली. पण ती दारात आली, टेबलावर नाही, हातात फिरतं पातं असताना नाही. चार माणसं धावली, सुई टोचली गेली आणि मास्तर पुन्हा शुद्धीवर आले. आठ दिवस ठेवून घेतलं. गोळ्या मापानं सुरू झाल्या, मापानंच उतरवल्या.

बायको आली ती थेट स्टेशनवरून, हातात बॅग. मास्तरांना वाटलं आता हिचं बोलणं ऐकावं लागणार, आणि आपण ते ऐकून घ्यायचं. ती खुर्ची ओढून बसली.

“आयुष्यभर कापड बेतलं,” मास्तर म्हणाले, “आणि शेवटी जिवावर बेतलं.”

ती हसली नाही. पण तिनं त्यांचा हात धरला, आणि तो थरथरत होता तोवर सोडला नाही.

पुढचं सोपं होतं असं कुणी सांगू नये. दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात, छोट्या बाकांवर गुडघे दुमडून, दारू सोडू पाहणारी मोठी माणसं बसायची आणि खरं बोलायची. मास्तरांना पहिले दोन महिने तिथं तोंड उघडता आलं नाही. चौथ्या महिन्यात एका लग्नाच्या जेवणात ग्लास हातात आला आणि रिकामा झाला. दुसरा भरला जात असताना ते उठून बाहेर गेले आणि लेकीला फोन केला. “एक झाला. मला न्यायला ये.” ती आली. घरापाशी उतरताना म्हणाली, “फोन केलात ते मला आवडलं, बाबा.” दुसऱ्या सकाळी ते स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेले. तेव्हापासून नाही.

हातांना स्थिर व्हायला वेळ लागला. मालकीणबाईंनी आधी दहा थर दिले, मग वीस. दोस्तानं कपाटामागची बाटली कधी काढून टाकली ते त्यानं सांगितलं नाही, मास्तरांनी विचारलं नाही. एका गुरुवारी मात्र तो शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला.

दीड वर्षानं कारखान्याकडे वेगळंच काम आलं. गावातल्या नाट्यगृहाला नवा पडदा हवा होता. गडद लाल मखमल, एकच अखंड तागा. मखमलीची लव एका दिशेची. तुकडा उलटा कापला की प्रकाशात तो वेगळा दिसतो आणि जन्मभर दिसत राहतो. दोन कारखान्यांनी आधीच हात जोडले होते. मालकीणबाईंनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं.

“लावा टेबलावर,” मास्तर म्हणाले.

त्यांनी दोन दिवस नुसतं मापलं. तिसऱ्या सकाळी कारखाना आपोआप शांत झाला. मास्तरांनी विजेचं कटर बाजूला सारलं आणि मोठी कात्री घेतली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पाऊल-पाऊल सरकत गेले. कात्रीचा आवाज एकसारखा, न अडखळता. शेवटचा धागा तुटला तेव्हा शिलाईवाल्या बाईनं वाकून कड पाहिली आणि म्हणाली, “पट्टी लावा हवं तर.” पट्टी लावली. रेषेत कसलीच खोट नव्हती. मग ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि मास्तर उगाचच खडू शोधत टेबलाखाली वाकले.

पहिल्या खेळाला घरच्यांना दुसऱ्या रांगेत जागा मिळाल्या. दुपारचा खेळ, नाट्यगृह खच्चून भरलेलं. दिवे मंद झाले, लाल मखमल मधोमध उघडली आणि लाटेसारखी दोन्ही बाजूंना गेली. लव सगळीकडे एकाच दिशेची. प्रेक्षकांत ‘वा’ असा आवाज झाला, नट अजून आलेही नव्हते.

पहिला अंक निम्मा झाला तरी मास्तर पडद्याच्या कडेकडेच बघत होते.

“अहो,” बायको कानात म्हणाली, “आता नाटक बघा.”

“बघतोय की,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा तिकडेच पाहायला लागले.