ऐकू आलेली हाक

न्हाणीघरात पडून दादाचं मनगट मोडलं, म्हणून मी भेटायला गेले होते. वहिनी खिडकीशी मटार सोलत होत्या. सोललेले दाणे त्या ताटात तीन-तीनच्या ओळीत लावत आणि बोटाने झटकन बाजूला सारत.

"हे काय, वहिनी?" मी हसत विचारलं.

त्यांनी दचकून हात मागे घेतला. त्यांच्या फोनवरच्या खेळात अशाच तीन सारख्या गोळ्या जुळवायच्या असतात. वर्षापूर्वी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दिवसभर तोच खेळत होत्या.

"हे पडले ना, तेव्हा मला ऐकू आलं होतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "दोनदा हाक मारली यांनी. मी डाव संपवून उठले."

फळ्याकडे तोंड असतानाही शेवटच्या बाकावरचं मुसमुसणं ज्यांना कळायचं, त्या याच वहिनी?

"तो खेळ मला शाब्बास म्हणतो. खोटं असतं, कळतं मला. पण घरात दुसरं कोण म्हणतं?"

खेळाला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं. पण त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी साधा फोनही केला नव्हता.

खेळाच्या या सवयीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं आम्ही ठरवलं. संध्याकाळी वहिनींनी दादालाही सगळं सांगितलं. मला वाटलं, तो भडकेल. त्याने हातावरच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाला, "वर्षभरात मी तुला हाक तरी कुठे मारली? पडलो, तेव्हाच मारली."